भास्कर कुलकर्णी आणि आपल्या घरातली भिंत

(मंडळाच्या व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेलं भाषण)



आम्ही काही कलावंत नाही. डिप्लोमा सिव्हिलचा आणि नोकरी राज्य सरकारची. भिंत म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे आधी प्लास्टरची जाडी येते. तरी आज चित्रांवर बोलायला उभे राहिलो आहोत, त्याला एक कारण घडलं. ते थोडं लाजिरवाणं आहे, पण आपल्याच माणसांत सांगायला हरकत नाही.

गेल्या वर्षीची आपली सजावट आठवते ना? बाप्पाच्या मागे वारली चित्राचा मोठा फ्लेक्स होता. कल्पना आमचीच. चित्र मोबाइलवर उतरवलं, छापायला दिलं, दुसऱ्या दिवशी टांगलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मांडवात लाइटचं काम करायला एक मुलगा आला होता, धरमपूरकडचा, वारली समाजाचा. तो बराच वेळ फ्लेक्सकडे बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, अहीं कोनां लगन छे?" आम्ही हसलो. म्हटलं, लग्न कसलं, गणपती बसलेत. तो म्हणाला, हा तर लग्नाचा चौक आहे, आत पालघाट देवी आहे. मग त्याने विचारलं, "हे काढलंय कोणी?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ते शोधता शोधता आम्ही एका मराठी माणसापर्यंत पोहोचलो. आजचं बोलणं त्याच्याविषयी आहे.

वारली लोक आपल्यापासून लांब नाहीत. डहाणू, तलासरी, जव्हार, इकडे उंबरगाव, धरमपूर, दादरा-नगर हवेली. रेल्वेने मुंबईला जाताना आपण त्यांच्या गावांवरूनच जातो. लग्नघरात भिंत सारवून गेरूने रंगवतात आणि तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने सवाशिणी चौक काढतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. देवीला बोलावल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे तो चौक शोभेसाठी नसतो, तो विधी असतो. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. पुढे धुराने, पावसाने ते पुसलं जाई आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे, कारण पुढच्या लग्नात पुन्हा काढायचंच असे.

आता भास्कर कुलकर्णी. हे मुंबईचे चित्रकार. 1966-67 साली बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. तेव्हा पुपुल जयकर यांनी कुलकर्णींना मिथिलेत, मधुबनीकडे पाठवलं. तिथल्या घरांत कोहबराच्या, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीच्या भिंती बायका चित्रांनी भरतात. 1934 च्या भूकंपात घरं पडली, तेव्हा विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला त्या भिंती दिसल्या होत्या आणि त्याने फोटो काढून ठेवले होते. पण पोटाला आधार म्हणून त्या कलेचा उपयोग होईल, असा प्रयत्न कुलकर्णींच्या वेळी झाला. त्यांनी जितवारपूरसारख्या गावांत बायकांना कागद दिला आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच यावर काढा. पुढे त्या भागातल्या जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी यांना पद्मश्री मिळाली.

आम्हा नोकरीतल्या माणसाला यात एक गोष्ट फार लागली. योजना तर सरकारी होती. योजना आमच्याही टेबलावरून पुष्कळ जातात. पण कुणाच्या घराच्या आतल्या भिंतीपर्यंत चालत जाणारा, ओसरीवर बसून राहणारा माणूस योजनेबरोबर येतोच असं नाही. कुलकर्णी तसे होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते डहाणूकडे आले. गंजाडजवळ त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. लहानपणी आई गेली, मुलाचं बोलणं बंद झालं, तो मातीत बोटाने चित्रं काढून आपलं म्हणणं सांगू लागला. मोठेपणी तो बायकांचं काम समजली जाणारी चित्रं रोज काढी, लग्न असो-नसो. कुलकर्णींनी त्यांना कागद-कापड मिळवून दिलं, चित्रं मुंबईला नेली. 1976 मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 2003 मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराच्या कामाशेजारी त्यांची चित्रं लागली. 2018 मध्ये ते गेले. कुलकर्णी त्याआधी फार वर्षं, 1983 मध्ये, दरभंग्याला वारले. वारली चित्र आज चहाच्या कपावरही असतं, पण कुलकर्णींचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

या कामाला हल्ली क्युरेटर म्हणतात. पूर्वी क्युरेटर म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू सांभाळणारा. आता स्वतंत्र क्युरेटर असतात. ते कुठल्या संग्रहालयाच्या पगारावर नसतात. काय दाखवायचं, कुणाशेजारी काय लावायचं, खाली काय लिहायचं, हे ते ठरवतात. मुंबईत 2010 मध्ये झाशा कोलाह आणि सुमेश शर्मा यांनी क्लार्क हाउस नावाची जागा सुरू केली. चंद्रपूरच्या कोळसा खाणीच्या गावातून आलेले प्रभाकर पाचपुते यांचं काम तिथे लोकांनी पाहिलं. खाणीतल्या माणसांची चित्रं ते कोळशानेच काढतात. 2022 मध्ये ते व्हेनिसच्या बिनालेत होते. कोलाह 2025 च्या बर्लिन बिनालेच्या क्युरेटर झाल्या.

आणि आपल्या सुरतेच्याही जवळचा एक माणूस आहे. हकु शाह, जन्म 1934, वालोडचे. वालोड तेव्हा सुरत जिल्ह्यातच होतं. बडोद्याला ते बेंद्रे सरांच्या हाताखाली शिकले. पुढे आदिवासींच्या मातीच्या घोड्यांपासून रोजच्या वापरातल्या वस्तूंपर्यंत सगळं गोळा केलं, अहमदाबादला गुजरात विद्यापीठात आदिवासी संग्रहालय उभं केलं. 1968 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्टेला क्रामरिश यांनी 'अननोन इंडिया' प्रदर्शन केलं, त्यात त्यांचा मोठा हात होता.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चित्र भिंतीवरून कागदावर आलं तेव्हा पैसा आला, मान आला. पण बाजारही आला. बाजाराला एकसारखा माल लागतो, आणि छापखान्याला तर विचारावंही लागत नाही. शिवाय वारलींत ही कला बायकांची, पण जगात नावं झाली ती जास्त करून पुरुषांची. पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या सवाशिणींची नावं कुठेच नाहीत. कुलकर्णींसारख्याने दार उघडलं हे खरं, पण त्या दारातून आमच्यासारखेही घुसले, फ्लेक्स घेऊन.

आपल्या कतारगामचंच बघा. इथली पापडी उंधियूसाठी प्रसिद्ध. आज पापडीच्या शेतांवर सोसायट्या आणि हिऱ्यांचे कारखाने उभे आहेत. शेत गेलं, तरी बाजारात "कतारगामनी पापडी" म्हणूनच ओरडतात. माल कुठलाही असो, नाव राहिलं. चित्रांचं उलट झालं. माल सगळीकडे पोहोचला आणि नाव गेलं.

आता घरचं सांगतो. आमचे वडील खानदेशातून ताप्ती लाइनने सुरतेला आले. आई नागपंचमीला स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूचा चौकोन सारवायची आणि पिठाने नाग काढायची. कानबाईच्या रविवारी तर अख्खा कोपरा भरायची. बारा वर्षांपूर्वी आम्ही घराला चांगला धुता येणारा रंग दिला. रंगाचा हिशेब आम्हीच केला. आईला म्हटलं, आता भिंतीवर काही काढू नकोस, छापील चित्र आणून देतो. ती काही बोलली नाही. त्या वर्षापासून छापील चित्र लागतं.

त्या मुलाने "काढलंय कोणी" विचारलं, त्या रात्री आम्ही आईला विचारलं, तुला नाग काढायला कोणी शिकवलं? ती म्हणाली, "सासूबाईंनी. त्यांच्या हातचा फणा मोठा असायचा, मला जमला नाही." आईचा हात आता कापतो. या मांडवात तिच्या वयाच्या चार-पाच जणी बसल्या आहेत. त्यांच्यानंतर विचारायला कुणी नाही.

म्हणून मंडळापुढे एक विनंती. पुढच्या वर्षी फ्लेक्स नको. त्या पैशात डहाणूकडच्या एखाद्या वारली चित्रकाराला, जमलं तर बाईला, रीतसर मानधन देऊन बोलवू. गाडीने अडीच-तीन तासांचा तर रस्ता. काय काढायचं आणि काय काढायचं नाही, हे तिलाच ठरवू द्या. आणि मांडवाची एक बाजू आपल्या घरांसाठी ठेवू. प्रत्येक घरातल्या आजीने, काकूने, मावशीने एक चौकोन भरावा. हात कापत असेल तर तिने सांगावं आणि नातीने काढावं. खाली तिचं नाव, माहेरचं गाव आणि कुणाकडून शिकली ते लिहावं. मुलांनी वहीत टिपून ठेवावं.

नियम तीनच ठेवू: विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, नाव लिहिल्याशिवाय लावायचं नाही, आणि ज्याची ती रोजीरोटी आहे त्याला फुकट राबवायचं नाही.

सुरुवात आम्ही केली आहे. या नागपंचमीला स्वयंपाकघरातल्या त्या रंगाच्या भिंतीवर आम्ही स्वतः गेरू लावला. आईने खुर्चीवर बसून सांगितलं, मुलीने काढलं. फणा मोठा आला. आई म्हणाली, "हा सासूबाईंसारखा झाला."

तो मुलगा यंदाही लाइटच्या कामाला आला आहे. फ्लेक्स नाही, हे त्याने पाहिलं. पुढच्या वर्षी त्याला कोणी काढलंय हे सांगता यावं, एवढीच इच्छा.

गणपती बाप्पा मोरया!