निष्ठेची मुदत किती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



सकाळच्या सत्रात एका निवृत्त सुभेदारांनी खंत बोलून दाखवली. "पूर्वी पोरं पलटणीसाठी यायची, आता करिअरसाठी येतात," असे ते म्हणाले. तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने सैनिकी निष्ठेवर बोलावे काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. परंतु निष्ठा आणि मोबदला यांचा संबंध हा माझ्या विषयाच्या कक्षेतलाच आहे. सुभेदारसाहेबांची खंत खरी असली तरी त्यांचे निदान मला अपुरे वाटते.

प्रथम एक भाबडी समजूत दूर करू. आपल्याकडील जवान पूर्वीही पोटासाठीच भरती होत असे. सातारा-कोल्हापूरच्या कोरडवाहू गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले पलटणीत गेली, ती पगारासाठी आणि पेन्शनसाठी. पेन्शनला लागणारी पंधरा वर्षे कशीबशी भरून काढणारेही त्यांत होते. म्हणजे दीर्घ सेवा म्हणजेच निष्ठा, असे समीकरण मांडता येत नाही. तथापि पोटासाठी आलेला मुलगा पुढे पलटणीचा होऊन जात असे, हेही तितकेच खरे. हे परिवर्तन घडत असे कशामुळे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर निवडक दलांत अधिक स्पष्ट दिसते. पॅरा कमांडोंचे उदाहरण घ्या. १९६५ च्या युद्धातील अनुभवानंतर १९६६ मध्ये अशी पहिली बटालियन उभी राहिली. १९९६ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका बटालियनचे रूपांतर २१ पॅरामध्ये झाले. येथे प्रत्येक जण स्वेच्छेने येतो. पुढे काही महिने त्याची इतकी कठोर परीक्षा होते की पुष्कळांना परत जावे लागते. जे टिकतात ते लहान तुकड्यांतून शत्रूच्या मुलखात खोलवर जातात. तेथे एकाचा जीव सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतो. असे सैनिक घाऊक प्रमाणात घडवता येत नाहीत, हे अमेरिकेच्या विशेष दलांनीही सूत्र म्हणून स्वीकारले आहे.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले. एक कोठेही उपयोगी पडणारे, दुसरे त्या एकाच संस्थेत उपयोगी पडणारे. मोटार चालवणे हे पहिल्या प्रकारचे कौशल्य. अंधारात सहकाऱ्याची हालचाल न पाहता ओळखणे, विशिष्ट डोंगराची वाट आणि तेथील लोकांची बोली आत्मसात करणे, हे दुसऱ्या प्रकारचे. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. मनुष्य अशा विद्येत आयुष्याची वर्षे घालतो ती एकाच भरवशावर, की ही संस्था आपल्याला अर्ध्या वाटेवर सोडणार नाही. पोटासाठी आलेला मुलगा पलटणीचा होतो, तो या भरवशामुळे.

आता जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेकडे वळू. मूळ योजनेनुसार जवानाची नेमणूक चार वर्षांची. त्यात प्रशिक्षणही आले. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातील ३० टक्के निधीसाठी कापून घ्यायचे. शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हाती. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. प्रत्येक तुकडीतील फार तर २५ टक्के जणांना पुढे कायम करायचे. २०२२ च्या अखेरीस पहिली तुकडी प्रशिक्षणाला गेली. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात.

सरकारचा पक्ष पोकळ नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. २०२२-२३ च्या ५.२५ लाख कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकात पेन्शनवर सुमारे १.१९ लाख कोटी खर्ची पडत होते. सैन्य तरुण असावे, हा मुद्दाही जुना आहे. कारगिल आढावा समितीने सेवाकाल १७ वर्षांवरून सात ते दहा वर्षांवर आणावा, असे सुचवले होते. पण सात-दहा वर्षे कोठे आणि चार कोठे! शिवाय चौघांतल्या एकालाच ठेवायचे, हा नियम खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्या चार मुलांना एकमेकांचे स्पर्धक बनवतो. सामान्य कचेरीत हे चालून जाईल. जेथे जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन यायचे असते, तेथे ही स्पर्धा घातक आहे.

केवळ पैशाने हा प्रश्न सुटेल, असेही मानू नका. इराक युद्धाच्या काळात खाजगी सुरक्षा कंपन्या अमेरिकेच्या विशेष दलांतील अनुभवी सैनिकांना मोठ्या रकमा देऊन ओढू लागल्या. २००५ च्या सुमारास त्या सरकारला सहा वर्षे अधिक थांबणाऱ्यांसाठी दीड लाख डॉलरपर्यंत बोनस द्यावा लागला. एकदा संबंध केवळ किमतीचा ठरला की अधिक किंमत देणारा कोणी ना कोणी भेटतोच.

आपल्या तालुक्याच्या गावी पहाटे उठून पाहा. डांबरी रस्त्यावर मुले धावत असतात. त्यांच्या बापांनी शेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नातून भरती अकादमीची फी भरलेली असते आणि त्या अकादमीच्या पाटीवर 'करिअर' हाच शब्द ठळक अक्षरांत असतो. तो शब्द त्या मुलाने शोधलेला नाही. चार वर्षांचा करार पुढे करणाऱ्यांनी त्याच्याकडून जन्मभराची निष्ठा मागावी आणि तो पुढच्या नोकरीचा विचार करू लागला की त्याला करिअरवादी म्हणून हिणवावे, हा कोठला न्याय?

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. निवडक दलांत जो परीक्षेला उतरला त्याला तेव्हाच कायम करावे. चार वर्षे टांगणीला लावू नये. टक्केवारी कागदावर ठरवू नये, दलाची गरज आणि माणसाची योग्यता पाहून ठरवावी. जे बाहेर पडतील त्यांना निमलष्करी दलांत १० टक्के जागा राखण्याची २०२२ ची घोषणा प्रत्यक्षात किती उतरते, याचा हिशेब आपण गावोगावी मागावा.

सुभेदारसाहेब, आपण ज्या पोरांची आठवण काढलीत ती आजही त्याच रस्त्यावर धावत आहेत. त्यांची निष्ठा कोठे हरवलेली नाही. पलटण आपल्याला सोडणार नाही, असे त्यांना सांगणारे कोणी उरले आहे काय, एवढाच प्रश्न आहे.