आधी मधला दिवस



श्रेढी म्हणजे काय, हे दहावी झालेल्या कुणालाही सांगायला नको. पहिलं पद, ठरलेला फरक, पुढे चालू. एक ते शंभरची बेरीज चुटकीसरशी करणाऱ्या छोट्या गाऊसची गोष्टही तुम्हाला पाठ असेल, ती सोडून देतो. माझं म्हणणं एकच आहे : बेरजेचं सूत्र आपण मुलांच्या हातात फार लवकर देतो. आधी मधलं पद दाखवायला हवं.

हे माझ्या पदरचं नाही. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. तिच्या श्रेढीव्यवहारात एक दाता आहे. पहिल्या दिवशी ४ द्रम्म दान करतो, मग रोज ५ वाढवतो. पंधरा दिवसांत किती दिले? करा बघू तोंडी. (मागून आवाज : ‘कागद द्या!’ हशा.) कागद नको. शेवटच्या दिवशी किती? एकोणऐंशी म्हणालात ना कुणीतरी? दिवस १५, पण वाढी १४. पहिल्या दिवशी वाढ कुठली? म्हणून ७४. वर्गात निम्मी मुलं इथेच घसरतात, आणि आपण त्यांना ‘एन वजा एक’ घोकायला लावतो.

आता मधला दिवस, आठवा. त्या दिवशी ३९. सातव्या दिवशी पाच कमी, नवव्या दिवशी पाच जास्त, उणं-अधिक फिटलं. असंच दोन्ही टोकांपर्यंत. म्हणजे दात्यानं रोज ३९च दिले म्हणा ना! पंधरा गुणिले ३९, ५८५. भास्कराचार्यांची रीत हीच : आधी अंत्यधन, मग मध्यधन, मग सर्वधन. आपल्या पुस्तकातलं सूत्र याच तीन पायऱ्या एका ओळीत दाबून बसवतं.

सोळा दिवस असतील तर मधला दिवसच नाही, अशी शंका येणारच. आठव्या दिवशी ३९, नवव्या दिवशी ४४, त्यांच्या मधोमध साडेएक्केचाळीस. त्याला १६नं गुणा, ६६४. साडेएक्केचाळीस द्रम्म कुठल्याच दिवशी दिलेले नाहीत, तरी हिशेब चोख. मुलांना याचं नवल वाटतं, आणि ते वाटू द्यावं.

याच भास्कराचार्यांचे नातू चांगदेव. आपल्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीला, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी मठ काढला. तिथला १२०७चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. गणित शिकवण्यासाठी दानं दिल्याची नोंद दगडावर! तो डोंगर, ते देऊळ… अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली आहेत.

पहिल्या रांगेतल्या शिक्षक भगिनींनी विचारलंय, ‘सूत्राशिवाय पेपर वेळेत कसा सुटेल?’ मी सूत्राचा वैरी नाही हो. ५८५ द्रम्म द्यायला किती दिवस लागले, असं उलटं विचारलं की वर्गसमीकरण येतं. तिथं सूत्रावाचून गत्यंतर नाही. त्याची उत्तरं दोन, १५ आणि उणे १५.६. दुसरं उत्तर का सोडायचं हे मुलांना बोलू द्या, नुसती काट मारायला लावू नका. सूत्र द्याच, पण दोन तासिका उशिरा द्या.

घरी दहावीचं मूल असेल, तर आज जेवताना त्याला हा दाता सांगा. पेन-कागद लांब ठेवा, आणि उत्तर सांगायची घाई तुम्ही करू नका.