हिब्रू नीतिपरंपरेतील शहाणपण : शोध आणि संरक्षण



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांना शहाणपणाचे चार शब्द सांगण्याची प्रथा जुनी असली, तरी ते शहाणपण मिळवायचे कसे आणि मिळाल्यावर ते माणसाला नेमके कशापासून वाचवते, हे प्रश्न अशा भाषणांत बहुधा राहूनच जातात. हिब्रू बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाचा दुसरा अध्याय मात्र याच दोन प्रश्नांना वाहिलेला आहे. हिब्रू बायबल, म्हणजे ख्रिस्ती परंपरा ज्याला जुना करार म्हणते ते, यहुदी परंपरेत तोरा (धर्मशास्त्र), नेविईम (संदेष्टे) आणि केतुविम (लेख) अशा तीन भागांत मांडलेले असून नीतिसूत्रे तिसऱ्या भागात येतात. ३१ अध्यायांचा हा ग्रंथ शलमोन राजाच्या नावावर असला, तरी त्यातील काही वचने यहूदाच्या हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतल्याची नोंद पंचविसाव्या अध्यायात आहे आणि अखेरच्या अध्यायात लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली शिकवण आहे. तेव्हा हा ग्रंथ एकहाती नाही, हे उघड आहे.

दुसऱ्या अध्यायात बाप किंवा गुरू मुलाला उद्देशून बोलतो. त्यातील वचने २२, म्हणजे हिब्रू वर्णमालेतील अक्षरांइतकीच, असून त्यांची बांधणी एका लांबलचक वाक्यासारखी आहे: मुलाने ऐकले, हाक मारून विवेकाला बोलावले, रुप्यासाठी करावी तशी धडपड केली आणि दडवलेले धन हुडकावे तसे हुडकले, तर पुढचे सारे त्याच्या पदरात पडेल. यातील रुप्याचा उल्लेख अलंकारापुरता नाही. प्राचीन इस्राएलच्या भूमीत चांदीच्या खाणी नव्हत्या. चांदी व्यापारातून, लांबून येई, नाणी पाडली जाण्यापूर्वी तिचे तुकडे शेकेल या वजनाने तोलून व्यवहार होत आणि धोक्याच्या काळात हे तुकडे मडक्यांत भरून पुरून ठेवले जात. हेब्रोनच्या दक्षिणेस, प्राचीन एश्तमोआ नगराच्या जागी १९६८ मध्ये अशी पाच भांडी सापडली आणि त्यांत मिळून २५ किलोंहून अधिक चांदी निघाली. ज्याने ती पुरली तो परत आलाच नाही. दडवलेले धन म्हटल्यावर ऐकणाऱ्या मुलासमोर काय उभे राहत असेल, याची कल्पना या मडक्यांवरून येते.

ईयोबाच्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय हीच प्रतिमा घेऊन तिला उलटे वळण देतो. तेथे खाणकामगार वस्तीपासून दूर, दोराला लोंबकळत, डोंगराच्या पोटात शिरतात, अंधारातून धातू वर आणतात. शहाणपण मात्र कोणत्याच खाणीत गवसत नाही, त्याची वाट एकट्या देवाला ठाऊक असते. नीतिसूत्रांचा गुरूही शोधाची एवढी ताकीद दिल्यावर लगेच सांगतो की शहाणपण देव देतो. श्रम माणसाचे आणि प्राप्ती दान म्हणून, या दोन विधानांतील ताण तो सोडवत बसत नाही. अभ्यास करूनही समज एखाद्या दिवशी अवचित येते, हे ज्याने वर्गात अनुभवले आहे त्याला या विसंगतीचे नवल वाटणार नाही.

संरक्षणाचा भाग याहून बारकाईने पाहण्याजोगा आहे. देव सरळ चालणाऱ्यांची ढाल होतो, असे म्हणून गुरू थांबत नाही. मेझिम्मा, म्हणजे पुढचे मागचे पाहून केलेला विचार, आणि तेवुना, म्हणजे समज, या दोघी मुलावर पहारा ठेवतील, असे तो सांगतो. पहारेकरी आत बसवलेले आहेत. गंडा-ताईत बांधावा तसे हे संरक्षण बाहेरून बांधता येत नाही. आणि संरक्षण कोणापासून, तर एका आडवेतिडवे बोलणाऱ्या माणसापासून आणि एका गुळगुळीत बोलणाऱ्या परक्या स्त्रीपासून. दुसरे उदाहरण तरुण पुरुषांच्या शिकवणीतून आलेले आणि आजच्या वाचकाला एकांगी वाटणारे आहे, वाटायलाच हवे. पण याच ग्रंथात शहाणपणही स्त्रीच्या रूपाने रस्त्यांवर, वेशीपाशी उभे राहून लोकांना हाका मारते, हेही विसरता कामा नये. दोन्ही संकटांत समान गोष्ट एवढीच की ती तलवार घेऊन येत नाहीत, बोलत येतात. म्हणून या अध्यायातील शहाणपण हे मुख्यतः बोलणे पारखण्याचे सामर्थ्य ठरते. ज्या पिढीच्या हातातल्या पडद्यावर दिवसभर कोणी ना कोणी गोड बोलत असतो, तिला याहून जवळचे संकट दाखवता येणार नाही.

शहाणपणाने प्रत्यक्ष गाव वाचल्याची गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. दावीद राजाविरुद्ध उठलेला शबा उत्तरेकडील आबेल बेथ-माका या नगरात शिरतो, सेनापती यवाब वेढा घालून मातीचा उतार रचतो आणि तट पाडू लागतो. तेव्हा एक शहाणी बाई तटावरून यवाबाला हाक मारते, इस्राएलातील मातेसमान नगर तो का गिळू पाहतो असे विचारते, त्याला एकच माणूस हवा आहे हे त्याच्याच तोंडून काढून घेते आणि मग गावकऱ्यांना पटवते. शबाचे शिर तटावरून फेकले जाते, रणशिंग वाजते, वेढा उठतो. नगर वाचले, पण एका जिवाच्या मोलाने; ग्रंथकार ही किंमत लपवत नाही.

उपदेशक या ग्रंथाचा लेखक तर याहून परखड आहे. नवव्या अध्यायात तो एका लहानशा नगराची हकिकत देतो: बलाढ्य राजाने वेढलेले ते नगर एका गरीब शहाण्याने वाचवले आणि पुढे त्याची कोणी आठवणही ठेवली नाही. शहाणपण बळापेक्षा श्रेष्ठ, हे तो मानतो. गरिबाचे शहाणपण तुच्छ लेखले जाते, हेही त्याच दमात नोंदवतो. नीतिसूत्रांचा विश्वास आणि उपदेशकाची शंका या दोहोंना एकाच धर्मग्रंथात जागा देणाऱ्या परंपरेचा प्रामाणिकपणा तिच्या कोणत्याही एका वचनापेक्षा मोलाचा आहे.

मराठी वाचकाला हे साहित्य परके नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. त्याच समाजातील जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी मुंबईत शिक्षकी करत अनेक हिब्रू ग्रंथ मराठीत आणले आणि पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. तेव्हा पारितोषिके घरी नेणाऱ्या आणि न नेणाऱ्या अशा सर्वच विद्यार्थ्यांना एवढीच विनंती की त्यांनी नीतिसूत्रांचा दुसरा अध्याय आणि उपदेशकाचा नववा अध्याय एका बैठकीत, एकापाठोपाठ वाचावेत आणि दोहोंपैकी कोणाचे म्हणणे पटते यावर आपल्या शिक्षकांशी मनसोक्त वाद घालावा.