दोन वह्यांच्या मधली बाई



कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर, महागाईभत्त्यावर, फार तर संपांच्या इतिहासावर बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही स्तनांच्या कर्करोगावर बोलणार आहोत. हा शब्द तोंडातून काढावयास आम्हांला पन्नाशी उलटावी लागली, हे आधीच कबूल करतो. गेटसभेत मालकाला वाटेल ते सुनावणारी आमची जीभ येथे अडखळत असे.

दिवाळीनंतर धारणी-चिखलदऱ्याकडून कोरकू कुटुंबे खाली उतरतात. कोणी कापूस वेचणीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी अकोल्या-अमरावतीच्या जिनिंगवर. होळीच्या सुमारास परत फिरतात. काही वर्षांपूर्वी या बायकांसाठी आम्ही एक तपासणी शिबिर भरविले. मंडप झाला, चहा झाला, डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. बायका आल्या सात. आम्ही रागावलो, त्यांना अडाणी म्हणालो.

संध्याकाळी पालांवर गेलो. एक बाई चुलीपुढून न उठताच म्हणाली, ‘‘दुखतच नाई, त दाखवू कायले भाऊ? अन् आजचा रोज कोन भरून देनार?’’

दोन प्रश्नांत सारे आले. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, हीच या रोगाची लबाडी. आणि दुसरा प्रश्न तर आम्हीच विचारावयास हवा होता! वेचणीचा हिशेब किलोवर, विटांचा हजारावर. आणि आम्ही शिबिर ठेवले कामाच्या दिवशी सकाळी अकराला. नावे लिहिण्यास मुकादमाला बसविले, कारण त्याचे अक्षर चांगले. गाठ निघाली तर पहिली बातमी मुकादमाला आणि पुढल्या हंगामाची उचल बंद, हे त्या बायकांना कळत होते. अडाणी कोण, ते आपणच ठरवा.

कायद्यानेही त्यांना बाहेरच ठेवले. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि त्या यादीत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग नाव घेऊन घातले होते.

हे काम होतच नाही, असे मात्र नाही. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांतून एक मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया. त्यांतल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. तपासणाऱ्या दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या बायका. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली छापून आला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. आकडे सोयीचे तेवढेच वाचण्याची खोड आम्हां पुढाऱ्यांना असते. परंतु गाठ लवकर, लहान असताना सापडू लागली, एवढे खरे. उलट २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात एकही भरत नाहीत.

सरकारी योजना आहे. तीस वर्षांपुढील प्रत्येकाची पत्रिका आशाताईने भरावयाची, उपकेंद्रात तपासणी व्हावयाची. पण आमची बाई हिवाळाभर येथे. तिकडच्या वहीत तिच्यापुढे ‘बाहेरगावी’ लिहितात. इकडची आशाताई म्हणते, ही माझ्या वस्तीतली नव्हे. दोघींचेही खोटे नाही.

चुलीपुढच्या त्या बाईला गाठ होती. दुसऱ्या शिबिरात, बाजाराच्या दिवशी, ती आली तेव्हा सापडली. पुढील तपासणीचा कागद आला तोवर होळी होऊन गेली होती. कागद आला आमच्या कचेरीच्या पत्त्यावर, कारण पत्ता आम्हीच तसा लिहिला होता. संपाच्या नोटिशींखाली तो पडून राहिला. आम्ही धारणीच्या एस.टी.त बसलो तेव्हा जून लागला होता, आणि गाठ फुटली होती. ज्या महाराजांची यावली याच जिल्ह्यात, ज्यांचा देह १९६८ साली कर्करोगानेच पडला, त्या तुकडोजी महाराजांच्या नावाच्या नागपूरच्या रुग्णालयात तिला नेले. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ती दोन हंगाम जगली. पहिल्या हंगामात कामालाही आली.

आता आम्ही कार्डावर आधी गावाचा पत्ता आणि तिथल्या आशाताईचा फोन लिहून घेतो. टेबलावर मुकादम नसतो. गेल्या हंगामात चार मालकांनी तपासणीच्या अर्ध्या दिवसाची मजुरी देण्याचे कबूल केले. दोघांनी दिली. उरलेल्या दोघांकडे येत्या सोमवारी आमचे शिष्टमंडळ जात आहे, आणि या वेळी त्यात बायका आहेत.