श्रीलंकेला जायचे तर तयारी घरापासून
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर महिला मंडळाने विषय काढला. बोधगया झाली, कुशीनगर झालं, आता एकदा श्रीलंका पाहू. आम्ही वस्तीतले नऊ जण जाऊन आलो आहोत, म्हणून कमिटीने मला सांगितले की तुम्ही बोला. मी काही विद्वान नाही. गिरणीत सूत धरता धरता जे वाचले ते वाचले.

श्रीलंकाच कशाला, असे पोट्टे विचारतात. त्यांना मी दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष दाखवतो. भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या आणल्या, त्यांतून तो वाढला. भदंतजी श्रीलंकेतच भिक्खू झाले, तिथल्या विद्यापीठात त्यांनी हिंदी शिकवली आणि १९८८ साली आपल्या नागपुरात त्यांचे परिनिर्वाण झाले. अनुराधपूरचे झाड सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेहून फांदी नेली तिचे. म्हणजे धम्म इथून गेला, तिथे टिकला आणि फिरून आपल्या दारात आला. बाबासाहेबसुद्धा १९५० साली कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. देशाचे कायदामंत्री होते, माईसाहेब सोबत होत्या. धम्म पुस्तकात कसा आहे ते त्यांनी वाचलेच होते, लोकांच्या जगण्यात कसा आहे ते त्यांना पाहायचे होते. दीक्षा त्यानंतर सहा वर्षांनी झाली.

आता कामाचे बोलू. पहिली अडचण पैशाची नाही, कागदाची आहे. आपल्या आयाबहिणींचे नाव आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, मतदार यादीत तिसरे. माहेरचे नाव राहिलेले, आडनावात एक अक्षर कमी. जन्मतारीख मास्तरांनी १ जुलै टाकून दिलेली. पासपोर्टच्या वेळी हे सगळे आडवे येते. म्हणून आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचे. साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, अर्ज आपल्या नागपुरातच होतो. एजंटाला वर दोन-तीन हजार देण्याचे कारण नाही, वस्तीतली कॉलेजची मुलगी अर्ज भरून देते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकराला जन्माचा दाखलाच लागतो, तिथे आधार चालत नाही.

आणखी एक भीती. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर अशी नोंद येते. आमच्यातल्या एका बाईला कोणीतरी सांगितले, तुम्हाला विमानतळावरून परत पाठवतील. बिचारी दोन रात्री झोपली नाही. ती नोंद ठराविक देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे. श्रीलंका त्या यादीतच नाही. शाळा शिकू दिली नाही हा तिचा गुन्हा नाही, आणि त्यापायी तिची यात्रा अडतही नाही.

जाण्याआधी श्रीलंकेची परवानगी संगणकावरून घ्यावी लागते. तिची फी आणि नियम बदलत राहतात, म्हणून त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तिकीट काढायच्या आधी पाहा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली पाहिजे. आपल्याकडून तमिळनाडू एक्सप्रेसने चेन्नई, तिथून विमानाने साधारण दीड तासात कोलंबो. हे स्वस्त पडते. विमान चुकू नये म्हणून चेन्नईत एक रात्र हाताशी ठेवा, रेल्वेचा भरवसा तुम्हाला माहीतच आहे.

पैशासाठी कर्ज काढू नका. लग्नाला कर्ज, आजारपणाला कर्ज, आता धम्मयात्रेलाही कर्ज, हे मला पटत नाही. आम्ही भिशी धरली. महिना १५०० रुपये, तीस महिन्यांत माणशी ४५ हजार जमतात. जमा पोस्टात ठेवा, कोणाच्या घरात नको. हिशेब दर पौर्णिमेला विहारात वाचून दाखवा. टूरवाल्याच्या छापील कार्यक्रमात रत्नांचे दुकान, मसाल्याचा बाग, हत्ती हे सगळे असते आणि अनुराधपूर अर्ध्या दिवसात उरकतात. तिथे किमान दोन मुक्काम पाहिजेत. महाबोधीवृक्ष, रुवनवेली स्तूप, जेतवन, अभयगिरी, आणि तेरा किलोमीटरवर मिहिंतले, जिथे महेंद्र थेर प्रथम आले. मिहिंतलेला १८४० पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी वरपर्यंत गाडीरस्ता कुठे जातो ते आधी विचारावे. म्हणूनच म्हणतो, म्हाताऱ्या माणसांना आधी न्या. तरुणांना पुढेही जाता येईल.

केव्हा जायचे? पावसाचा हिशेब तिथे उलटा-सुलटा आहे. कोलंबो-कँडीकडे मे ते सप्टेंबर पाऊस, अनुराधपूरकडे ऑक्टोबर ते जानेवारी. दोन्हीकडे बरे दिवस फेब्रुवारी-मार्च, पण तेव्हा पोरांच्या परीक्षा. मग उन्हाळ्याच्या सुटीत बुद्धपौर्णिमा साधावी. त्याला ते वेसाक म्हणतात. रस्तोरस्ती आकाशकंदील, दिव्यांच्या कमानी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण देणारे मांडव. धम्मचक्र प्रवर्तनदिनी आपण दीक्षाभूमीच्या वाटेवर भोजनदान करतो, अगदी तसेच. पाहून आमच्या बायांचे डोळे भरून आले. जूनमधली पौर्णिमा अनुराधपूरला सगळ्यात गर्दीची, लहान लेकरे असतील तर ती टाळा. दर पौर्णिमेला तिथे सरकारी सुटी, दारू आणि मटणाची दुकाने बंद.

विहारात जाताना पांढरे कपडे, खांदे-गुडघे झाकलेले. चप्पल आणि टोपी बाहेर. दुपारी दगडी फरशी तव्यासारखी तापते, पायमोजे ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, ते लोक तो अपमान समजतात. अंगावर बुद्धाचे गोंदण असल्यामुळे २०१४ साली एका इंग्रज बाईला देशाबाहेर पाठवले होते. महाबोधीची पानं तोडायची नाहीत, खाली पडलेले मिळाले तर मिळाले. रोप आणायचा मोह कोणी करू नये, परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर विमानतळावर काढून घेतात. भाजीतही सुक्या मासळीचा चुरा असतो, न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावे. आणि तिखट आपलेच न्या.

आता जे टूरवाला सांगणार नाही ते सांगतो. तिथल्या पुष्कळ विहारांच्या आवारात विष्णूचे, कतरगामचे देऊळ असते आणि बौद्ध माणूस तिथे नारळ फोडतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या माणसाला धक्का बसतो. आमच्यातले एक दादा रागाने बाहेर येऊन बसले. मी त्यांना म्हटले, आपण पाहुणे आहोत, वाद नको, पण आपण हात जोडायचे नाहीत. दुसरे त्याहून कडू. तिथल्या जुन्या सियाम निकायात, जो १७५३ साली उभा राहिला, गोविगम या वरच्या जातीलाच भिक्खू करतात. बाकीच्या जातींच्या लोकांना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली, त्यातून अमरपूर निकाय निघाला. संघातही जात! हे मनाशी धरूनच जा, म्हणजे तिथे जाऊन श्रद्धा मोडणार नाही आणि डोळेही मिटणार नाहीत. तमिळांशी चाललेले युद्ध २००९ ला संपले, त्याच्या जखमा आहेत. २०२२ ला देश दिवाळखोरीत गेला. त्यामुळे भाव करताना रिक्षावाल्याशी फार ताणू नका, तोही आपल्यासारखाच रोजंदारीचा माणूस.

पण संध्याकाळी महाबोधीजवळ पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी पंचशील म्हणत होती. उच्चार वेगळा, शब्द तेच. आमच्या बाया तिच्याजवळ बसल्या आणि म्हणू लागल्या. ती थांबली नाही, नुसती सरकून जागा दिली. भाषा एकमेकींची कळत नव्हती, शेवटी साधु साधु साधु सगळ्यांनी मिळून म्हटले.

ज्यांना यायचे आहे त्यांनी पुढच्या रविवारी वंदनेनंतर आधार, शाळेचा दाखला आणि मतदार ओळखपत्र घेऊन विहारात यावे. झेरॉक्स नको, मूळ कागद आणा. नावे जुळतात का ते तिथेच बसून पाहू. भिशीची पहिली वर्गणी त्याच्या पुढच्या पौर्णिमेला घेऊ. जयभीम.