लॅनच्या केबलमागचा ट्रान्सफॉर्मर



ट्रान्सफॉर्मर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कोपऱ्यावरचा डीपी. पण ट्रान्सफॉर्मर घरातल्या राउटरमध्येही असतात. लॅनची केबल खटकन बसते, त्या खाचेमागे बहुधा एक काळी डबी असते. आत मण्यांएवढ्या कड्या आणि त्यांवर केसासारख्या तारेचे वेढे. डीपी विजेचा दाब उतरवतो, हे उतरवत नाहीत. यांचं काम दोन्हीकडची यंत्रं विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवण्याचं.

समजा, सोसायटीच्या ए विंगमध्ये नेटवर्कचा स्विच आहे आणि गेटवर त्याला जोडलेला कॅमेरा. दोन्हीकडचं अर्थिंग निराळं. जमीन एकच, तेव्हा अर्थिंगच्या दोन्ही खड्ड्यांचा दाबही एकच, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कुठे वायरिंगमध्ये गळती झाली, जवळपास वीज पडली, की दोन्हींत फरक पडतो. मध्ये तांब्याची सलग वाट असेल तर करंट तिथूनच धावणार. संदेश जेमतेम व्होल्ट-दोन व्होल्टांचा. तो बिघडणार, आणि चिपही जळू शकणार.

ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेढ्यांत मात्र तांब्याचा सांधाच नसतो. चुंबकत्व बदललं की शेजारच्या वेढ्यात वीज उपजते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवलं. लॅनच्या केबलमधला, म्हणजे इथरनेटचा, संदेश सतत पालटतो, म्हणून पलीकडे पोचतो. स्थिर दाब अलीकडेच थांबतो. शिवाय संदेश असतो जोडीतल्या दोन तारांमधल्या फरकात. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे तोही बराचसा अडतो. हा आडोसा १५०० व्होल्ट एसी मिनिटभर सोसेल, अशी इथरनेटच्या मानकाची अट आहे.

मग त्याच केबलमधून कॅमेऱ्याला डीसी वीज मिळते कशी? ती केबलकडच्या वेढ्याच्या बरोबर मध्यावर सोडतात. निम्मी या तारेत, निम्मी त्या तारेत. दोघींचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं. पलीकडच्या टोकाला ती तशीच मध्यावरून काढून घेतात.

पण वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेपुढे १५०० व्होल्टांचा आडोसा तोकडा. म्हणून एका इमारतीत तांब्याची केबल ठीक. दोन इमारतींमध्ये मात्र फायबरच टाकून घ्या, त्यातून प्रकाश जातो, करंट नाही. गेटवरच्या कॅमेऱ्यालाही तेच लागू. त्याला वीज मग तिथल्याच बोर्डावरून द्यावी लागेल, पण कमिटीने तेवढा खर्च जरूर करावा.