गाणं ज्यांचं, त्यांच्यासमोर



 अध्यक्षपदावरून जे बोलायचं आहे ते बरेच दिवस मनात साठलं आहे आणि त्यासाठी शाहीर, गीतकार, संगीतकारांहून हक्काचे श्रोते मला मिळणार नाहीत.

आपल्यातली बरीच तरुण मंडळी हल्ली खऱ्या घरांवर गाणी लिहू लागली आहेत. कुणाचे पणजोबा बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले, कुणाच्या आजीनं दुष्काळात बिऱ्हाड उचललं, कुणाचं कूळ मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत रुजलं. घर सोडून परमुलखात गेलेल्या माणसांचा इतिहास सरकारी दप्तरात फार त्रोटक असतो. तो गाण्यात यावा, याच्याइतकी चांगली गोष्ट नाही. पण हे काम सोपं नाही. नुसती चाल बसली, यमक जुळलं की ते पुरं होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की खऱ्या कुटुंबावर लिहिलेलं गाणं त्या कुटुंबासमोर उभं राहून गाता आलं पाहिजे. ते जिथे अवघड वाटेल, तिथे थांबून आपण काय लिहिलंय ते पुन्हा बघावं.

हे मी दूरच्या एका गाण्यापासून शिकले. 28 जानेवारी 1948 रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस कॅन्यनमध्ये एक विमान कोसळलं. शेतमजुरीसाठी आलेल्या मेक्सिकन माणसांना त्यातून परत पाठवलं जात होतं. महायुद्धात माणसं कमी पडली म्हणून 1942 पासून अमेरिकेनं करार करून मेक्सिकोतून मजूर आणले होते. काही त्या करारावर आलेले, काही कागदांशिवाय. विमानात 32 जण होते, एकही वाचला नाही. त्यातले 28 मेक्सिकन. देशभर जी बातमी गेली तिच्यात वैमानिक आणि इतर अमेरिकनांची नावं होती. बाकीच्यांचा उल्लेख 'डिपोर्टीज', म्हणजे परत पाठवले जाणारे लोक, असा एका शब्दात उरकलेला होता. फ्रेस्नोच्या स्मशानभूमीत त्या 28 जणांना एकाच ठिकाणी पुरलं आणि वर नावांशिवाय, नुसती '28 मेक्सिकन नागरिक' असं म्हणणारी पाटी लावली.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या वुडी गथ्रीला ही बातमी सहन झाली नाही. त्यानं लिहिलेली कविता 'डिपोर्टी' या नावानं जगभर गेली. तिला चाल नव्हती. सुमारे दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन नावाच्या तरुणानं ती लावली आणि पीट सीगरनं ते गाणं घरोघर पोचवलं. तोवर गथ्री असाध्य आजारानं रुग्णालयात होता.

या गाण्याबद्दल मला अतोनात आदर आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. नावं नाहीत हेच ज्या गाण्याचं दुःख, त्या गाण्यातही खरी नावं नाहीत. गथ्रीजवळ ती नव्हती, म्हणून त्यानं मेक्सिकोत सर्रास आढळणारी चार नावं घेतली आणि त्यांना निरोप दिला. प्रश्न गाण्यानं जिवंत ठेवला, पण उत्तर शोधायला दुसरा माणूस जन्माला यावा लागला. कॅलिफोर्नियातच शेतमजुरांच्या घरी वाढलेला टिम हर्नांडेझ हा लेखक त्या नावांच्या मागे लागला. दफनाच्या नोंदी धुंडाळल्या तर काही नावांची अक्षरंसुद्धा चुकीची लिहिलेली. अखेर 2013 मध्ये त्या जागी सगळ्या 28 नावांचा दगड बसला. त्यानंतरही हर्नांडेझ थांबला नाही. एकेका नावामागचं घर शोधत तो मेक्सिकोपर्यंत गेला आणि 2017 मध्ये त्याचं पुस्तक आलं. कोण लग्नाचा होता, कोण चेंडू चांगला मारायचा, कुणाची वाट कोण बघत होतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. मधे 69 वर्षं गेली होती. ज्या आईबापांनी, बायकांनी ते गाणं ऐकायला हवं होतं, त्यातली बहुतेक माणसं तोवर उरली नव्हती.

आपल्याकडे काय वेगळं आहे? बीडहून साखर कारखान्यावर जाणारी नवरा-बायकोची जोडी मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणून चढते. त्या कोयत्यावर गाणं लिहायला निघालेल्याला निदान दोन नावं ठाऊक असली पाहिजेत.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. 1 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस बेटाचं ठाणं उघडलं आणि तिथून सर्वांत आधी आत गेली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातली अ‍ॅनी मूर. सोबत दोन धाकटे भाऊ. आईबाप आधीच न्यूयॉर्कला पोचलेले. पुढे ब्रेंडन ग्रॅहम यांनी तिच्यावर 'आयल ऑफ होप, आयल ऑफ टीअर्स' हे गाणं लिहिलं. फार सुंदर गाणं आहे, मी ते अनेक कार्यशाळांत ऐकवते. गाण्यात ती पंधरा वर्षांची आहे, कारण तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी तसं छापलं होतं. खरी अ‍ॅनी सतरा वर्षांची होती.

वयाचं सोडून देऊ, तेवढी सूट गाण्याला मिळावी. खरी गोष्ट पुढे आहे. ही मुलगी पश्चिमेकडे टेक्सासला गेली, तिथे संसार केला आणि 1923 मध्ये ट्रामखाली सापडून वारली, अशी कथा वर्षानुवर्षं सांगितली गेली. टेक्सासच्या त्या बाईंचे वंशज प्रामाणिकपणे समारंभांना येत राहिले. 2006 मध्ये वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी कागद काढून दाखवले, की टेक्सासची अ‍ॅनी मूर अमेरिकेतच जन्मलेली होती. बोटीतून उतरलेली अ‍ॅनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतून कधी बाहेरच पडली नाही. तिथेच तिनं लग्न केलं, एकामागून एक मुलं झाली, त्यातली अनेक लहानपणीच गेली आणि 1924 मध्ये तीही गेली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी स्मशानभूमीत तिच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो 2008 मध्ये बसला.

पश्चिमेकडे निघालेली, मोकळ्या माळरानावर भाग्य आजमावणारी अ‍ॅनी सगळ्यांना हवी होती. चार खोल्या सोडून पाचव्या खोलीत राहायला जाणारी, पोरं पुरणारी अ‍ॅनी कुणाला नको होती. म्हणून खोटी कथा इतकी वर्षं टिकली. माझ्या मते स्थलांतराचं खरं गाणं दुसऱ्या अ‍ॅनीचं आहे. माणसं समुद्र ओलांडतात आणि मग आयुष्यभर दोन गल्ल्यांत राहतात. गिरणगाव ज्यानं पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता काही मित्र विचारतील, की नाव, गाव, तारीख सगळं खरंच हवं तर कवीला मोकळीक काय उरली? आणि प्रत्येक घराला आपलं नाव गाण्यात यावं असं वाटतंच का? दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. 1882 च्या कायद्यानं अमेरिकेनं चिनी मजुरांना दार बंद केलं. 1906 च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतले जन्माचे दाखले जळाले, तेव्हा अनेक चिनी माणसांनी आपण तिथेच जन्मल्याचं सांगून नागरिकत्व मिळवलं. त्यांची मुलं म्हणून कागद विकत घेऊन दुसरी मुलं आली. हे कागदी पुत्र. एंजल आयलंडच्या ठाण्यात त्यांची आठवडेच्या आठवडे उलटतपासणी चाले. घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या बाजूला, असले प्रश्न. पाठ केलेली उत्तरं देऊन जे सुटले, त्यातले अनेक पुढे जन्मभर दुसऱ्याचं आडनाव लावून जगले. अशा घरात खरं नाव ही जपायची गोष्ट असते. ते भर सभेत गाऊन टाकणाऱ्या गीतकारानं घराला संकटात टाकलं असतं. नाव घ्यायचं की झाकायचं, हे ठरवण्याचा अधिकार म्हणूनच त्या घराचा आहे. आपला नाही.

खऱ्या नावाचं गाणं आपल्याला नवं नाही. जात्यावर बसलेली बाई ओवीत आपल्या भावाचं, लेकाचं नाव घालते आणि मग ती ओवी तिची होते. शेजारीण तीच ओवी स्वतःच्या भावाच्या नावानं गाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या अनेक आता 'पारी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या, संग्रहात कुणालाही ऐकता येतात. त्यात मुंबईला गेलेले नवरे आहेत, लेक आहेत. या अभ्यासकांनी ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव टिपून ठेवलं, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. 'लोकगीत' म्हटलं की ते कुणाचंच नाही असं समजून उचलण्याची खोड आपल्या क्षेत्रात फार जुनी आहे.

मॉरिशसचा अभ्यास करणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, की 1834 पासून तिथे नेलेल्या साडेचार लाखांवर हिंदुस्थानी मजुरांच्या नोंदवह्या अजून जपलेल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण. पुढच्या काळातल्या काहींचे फोटोसुद्धा. मुंबई बंदरातून चढलेली आपली माणसं त्यात आहेत. अनेक घरांत पहिल्या माणसाचं पाळण्यातलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. ती वही उघडल्याशिवाय त्या घराचं गाणं लिहू नका.

पण वही पुरेशी नसते. लालबागच्या चाळीतल्या एका मालवणी आजींवर मी गाणं लिहीत होते. बोटीचा प्रवास, पडावात उतरताना भिजलेलं बोचकं, हे सगळं मी विचारलं. त्या फारसं बोलेनात. मग उठून त्यांनी भिंतीवरचा एक खिळा दाखवला आणि म्हणाल्या, "हो खिळो ह्येंचो." लग्नाआधी त्यांचे यजमान त्याच खोलीत राहायचे. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेला गाळा. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच वळकटीवर आडवे व्हायचे. जागा कुणाच्याच मालकीची नव्हती. ज्याची त्याची पत्र्याची ट्रंक आणि सदरा अडकवायला ज्याचा त्याचा खिळा, एवढीच मालमत्ता. भिंतीला किती वेळा रंग दिला, पण तो खिळा त्यांनी काढू दिला नाही. माझं गाणं त्या खिळ्यावर उभं राहिलं.

गाणं घेऊन मी त्या घरी गेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतरच्या उपासमारीत थोरल्या मुलाच्या हातून काही घडलं होतं. त्यावरचं कडवं काढायला सांगितलं. आणि गाळ्यात सोबत राहिलेल्या दोन गाववाल्यांची नावं घालायला सांगितली, कारण खानावळीचे पैसे थकले की तेच आपल्या ताटातलं द्यायचे. ते कडवं माझं सगळ्यांत आवडतं होतं. ते मी काढलं आणि पुन्हा कुठेही गायलेलं नाही. दुसऱ्या सूचनेनं गाणं दुप्पट मोठं झालं, असं मी म्हणेन. रक्ताच्या नात्यात नसलेली माणसंही स्थलांतरितांच्या घरात मोडतात, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं.

शेवटी एक व्यवहाराची बाब. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला. त्यासाठी आपल्या पिढीनं भांडण केलं आणि ते योग्यच होतं. मात्र ज्याच्या आयुष्यावर गाणं उभं असतं त्याला हा कायदा काहीच देत नाही, कारण घडलेल्या गोष्टीवर कुणाची मालकी नसते. कायदा गप्प असला तरी आपल्याला गप्प राहता येणार नाही. अशा गाण्याच्या मानधनातला ठरावीक वाटा त्या घराला द्यावा, गाण्याच्या नोंदीत त्या घराचा, त्यांची परवानगी असेल तर नावानिशी, उल्लेख असावा आणि मुलाखतीचं ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे परत जावं, असा ठराव समारोपाच्या सत्रात मी मांडणार आहे. त्यावर कसून चर्चा करा.

उद्या सकाळच्या सत्रात सादर होणाऱ्या नव्या गाण्यांपैकी काही खऱ्या घरांची आहेत. त्या घरांतली माणसं पहिल्या रांगेत बसणार आहेत. गाणं संपलं की टाळ्यांच्या आधी माइक त्यांच्या हाती जाईल, ही माझी विनंती संयोजकांनी मान्य केली आहे. गायकांनी त्याची तयारी ठेवून यावं.